चौथी तार

कुपवाडच्या शेडमध्ये मी बेअरिंगच्या रिंगा मोजतो.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूकही
माझ्या हातून पुढच्या टेबलावर जात नाही.
आणि घरात आठ दिवस
एक झिणझिण सापडत नव्हती.

चौथी तार. तिसऱ्या पडद्यावर बोट टेकलं की
बाटलीत कोंडलेली गांधीलमाशी.
तार बदलली. नवी तार जुनीचीच भाषा बोलली.
कंपनीतला फिलर गेज आणून
तार आणि पडदा यांच्यामधली फट मोजली,
मान उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला,
सरळ होती.
वाटलं, मार्च आहे, लाकूड आटलं असेल;
ओलं फडकं वाटीत घालून पेटीत ठेवलं रात्रभर.
सकाळी फडकं कोरडं, माशी जिवंत.
बायको म्हणाली, नखं काढा आधी.
उजव्या हाताची वाढवलेली ती चार नखं
तिला पहिल्यापासून खुपतात.

रविवारी मिरजेला गेलो.
तंतुवाद्यांच्या गल्लीत, फळीवर
भोपळे उलटे, पोटं उन्हाला देऊन.
दस्तगीरचाचांनी गिटार आधी हुंगली.
"सरू?"
सरूच, म्हटलं, स्पेनकडची, फ्लामेन्को म्हणतात,
वाजवता वाजवता हिच्या पोटावर थापही मारायची असते.
"म्हंजे तबलजीचा खर्च वाचला."
मग खुंट्या दिसल्या त्यांना, लाकडाच्या,
आणि चेहरा एकदम नात्यातला झाला.
"आन् नाव काय तुझं?"
भूपाल. भूपाल चौगुले.
"नावातच राग घिऊन आलास,
मग सुरासाठी वणवण कशाला?"

मी सांगत गेलो: फट इतकी, हाड इतकं उंच,
तार अमुक जाडीची.
ते ऐकत नव्हते. डावा कान रंध्यानं खाल्लेला,
उजवा फक्त फोनपुरता.
त्यांनी गिटारीचं डोकं उचललं
आणि दातात धरलं.
मी बघतच राहिलो.
हातानंच खूण केली, वाजव.

वाजवलं. चौथी, तिसरा पडदा.
डोळे मिटलेले, जबडा घट्ट,
कानशिलावरची शीर हलत होती.
पुन्हा. अजून एकदा.
मग तोंड मोकळं करून म्हणाले,
"तारंत न्हाई. पडद्यात न्हाई. घोडीतबी न्हाई."
आणि अंगठा ठेवला तिथं,
जिथं मी रोज थाप मारतो,
तारांखालच्या पारदर्शक पत्र्यावर.
त्याचा एक कोपरा उचलला होता,
तांदळाच्या दाण्याएवढा.
अंगठा दाबलेला तोवर माशी गप्प.

मी जिथं मोजत होतो
तिथं काहीच बिघडलं नव्हतं.

सरस लावला, वर किलोचं वजन ठेवलं.
"बस आता, वाळूस्तवर."
आणि शेजारचा तंबोरा मांडीवर ओढून
त्याच्या घोडीवर कानस फिरवू लागले, अगदी हळू,
दोन ओढी, एक टणत्कार, पुन्हा दोन ओढी.
तारेखाली सुताचा धागा सरकवला, केसभर मागे,
केसभर पुढे,
आणि त्या कोरड्या लाकडातून
तीच झिणझिण उठली,
पण लांबपर्यंत जाणारी, उसाच्या फडातून वारा जावा तशी.
"ह्याला जवारी म्हंत्यात.
तू जी घालवायला आलास ना,
ती घालायचं मी पैसं घेतो."
मी विचारलं, किती घालायची, माप काय?
त्यांनी धाग्याकडं पाहिलं,
माझ्याकडं नाही.

निघताना तीस रुपये घेतले. "सरसाचं.
चावल्याचं काय न्हाई."

संध्याकाळी घरी वाजवली. स्वच्छ.
इतकी स्वच्छ की शेजारच्या कुकरची शिट्टी
मध्ये आली ती खुपली.
मग डोक्यापाशी, खुंट्यांच्या वर,
दोन दातांचे ठसे दिसले.
सोमवारी डब्याच्या पिशवीत डायल गेज घरी आणला
आणि खोली मोजली:
शंभरातले सात भाग.
वहीत लिहायला घेतलं,
पण हा दोष कुठल्या रकान्यात लिहायचा
ते काही ठरलं नाही.